‘दोघं एकच सांगतात’ असं म्हणण्याआधी : दोन संस्कृतींतल्या तत्त्वज्ञानांची तुलना कशी करतात?

‘कांटने सांगितलं ते शंकराचार्यांनी हजार वर्षं आधीच सांगून ठेवलं होतं.’ ‘आत्म्याबद्दल बुद्ध आणि ह्यूम यांचं मत एकच.’ ‘पाश्चात्त्य विचार तर्काचा, पौर्वात्य विचार अनुभूतीचा.’ अशी वाक्यं भाषणांत, पाठ्यपुस्तकांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत सतत भेटतात. ऐकायला ती पटतात, कारण त्यांत थोडं तथ्य असतं. पण ती तपासायची कशी, हे मात्र कुणी सांगत नाही.

११ मे २०१६ रोजी जे गारफील्ड आणि ब्रायन व्हॅन नॉर्डन या दोन प्राध्यापकांनी ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये लिहिलं की, जे तत्त्वज्ञान विभाग फक्त युरोप-अमेरिकेतले विचारवंत शिकवतात त्यांनी निदान नाव तरी बदलावं आणि ‘युरोपीय व अमेरिकी तत्त्वज्ञान विभाग’ अशी पाटी लावावी. त्यावर मोठा वाद झाला. अभ्यासक्रमात कोण असावं यावर पुष्कळ लिहिलं गेलं. भारतातला नागार्जुन, ग्रीसचा अरिस्टॉटल आणि चीनचा मेन्सियस एकाच वर्गात आले की त्यांना शेजारी ठेवून नेमकं करायचं काय, हा प्रश्न त्या मानाने मागेच राहिला. खरं कौशल्य तिथेच लागतं, आणि ते शिकता येतं. १८९९ मध्ये ब्रजेंद्रनाथ सील यांनी वैष्णव आणि ख्रिस्ती विचारांच्या तुलनेवर लिहिताना पद्धतीचा मुद्दा उचलला होता. पॉल मासों-ऊर्सेल या फ्रेंच अभ्यासकाने १९२३ मध्ये तौलनिक तत्त्वज्ञानावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. होनोलुलूत १९३९ पासून यासाठी परिषदा भरत आल्या आहेत.

तुलनेला दोन नव्हे, तीन गोष्टी लागतात

शाळेत उपमा अलंकार शिकताना उपमेय, उपमान आणि त्यांना जोडणारा साधारण धर्म असे भाग सांगितले जातात. मुख चंद्रासारखं असेल तर कशाच्या बाबतीत? आल्हाददायक असण्याच्या. तो साधारण धर्म काढून टाकला तर उपमेला अर्थ उरत नाही. दर्शनांची तुलनाही तशीच चालते. शंकराचार्य आणि कांट ही झाली दोन टोकं. त्यांना कोणत्या प्रश्नासमोर उभं केलंय, हे सांगितल्याशिवाय ‘सारखे’ किंवा ‘वेगळे’ या शब्दांना काही अर्थ येत नाही. या तिसऱ्या गोष्टीला पुढे मी ‘आधार’ म्हणेन. रॅल्फ वेबर या अभ्यासकाने एक महत्त्वाची गोष्ट दाखवली आहे : तुलना सुरू करण्याआधीच, या दोघांची जोडी लावावीशी वाटते तेव्हाच, आपण एक आधार नकळत गृहीत धरलेला असतो. पुष्कळदा चूक तिथेच होते आणि पुढच्या सगळ्या मांडणीत झिरपत जाते.

तत्त्वज्ञानातलं उत्तर किल्लीसारखं असतं आणि प्रश्न कुलपासारखा. दोन किल्ल्यांचे दात सारखे दिसतात म्हणून दोन्ही एकच कुलूप उघडतील असं नाही. उलट अगदी वेगळ्या दिसणाऱ्या दोन किल्ल्या एकच काम करत असू शकतात. म्हणून आधी कुलूप पाहायचं.

याचं ढळढळीत उदाहरण म्हणजे न्यायदर्शनातलं पंचावयवी वाक्य. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत. इथेही तसाच धूर आहे. म्हणून आग आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपीय अभ्यासकांनी हे अरिस्टॉटलच्या तीन वाक्यांच्या संवाक्याशेजारी (दोन विधानांवरून तिसरं काढणाऱ्या युक्तिवादाशेजारी) ठेवलं, आणि त्यांतल्या अनेकांना ते पाल्हाळिक, अर्धवट विकसित तर्कशास्त्र वाटलं. दोन वाक्यं पुन्हा सांगितली आहेत, वर चूल कशाला? पण न्यायाच्या पंचावयवी वाक्याचं काम दुसऱ्याला पटवण्याचं आहे. ते परार्थानुमान आहे, वादसभेत प्रतिपक्षासमोर टप्प्याटप्प्याने मांडायचं. उदाहरणामुळे दोन्ही पक्षांना मान्य असलेला एक प्रसंग हातात येतो. अरिस्टॉटलच्या रचनेत वाक्यं खोटी असूनही आकार बिनचूक असू शकतो, म्हणजे आकार आणि सत्य वेगळे काढता येतात. न्यायात ते तसे वेगळे काढलेले नाहीत : निष्कर्ष दुसऱ्या प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या दुसऱ्या साधनाने, खोडला जात असेल तर ‘बाधित’ नावाचा हेत्वाभास (हेतूतला दोष) होतो आणि अनुमानच फसतं. एकाला आकाराचं शास्त्र हवं होतं, दुसऱ्याला खात्रीचं ज्ञान मिळवून देणारं साधन. एकाच्या मोजपट्टीने दुसऱ्याला मोजलं तर तो तोकडाच ठरणार.

मासों-ऊर्सेलचा उपाय गणितातल्या प्रमाणासारखा आहे : ‘अ’ची ‘क’शी थेट तुलना न करता, ‘अ’चं ‘ब’शी जे नातं आहे ते ‘क’चं ‘ड’शी आहे का, हे पाहायचं. अद्वैती श्रीहर्ष आणि ग्रीक संशयवादी सेक्स्टस एम्पिरिकस यांची मतं शेजारी ठेवून फार काही हाती लागणार नाही. पण श्रीहर्ष नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांच्या, व्याख्या त्यांच्याच गृहीतांवरून कशा मोडतो आणि सेक्स्टस स्टोइकांचे सत्याचे निकष त्यांच्याच गृहीतांवरून कसे मोडतो, हे पाहिलं की तुलनेला बळ येतं. नात्यांची तुलना केली की प्रत्येक विचारवंत आपल्या घरच्या वादात उभा दिसतो.

जोडी लावताना पातळी आणि आकार

१९६७ मध्ये रॉबिन हॉर्टन यांनी आफ्रिकी पारंपरिक विचार आणि पाश्चात्त्य विज्ञान यांची तुलना करणारा निबंध लिहिला. घानाचे तत्त्वज्ञ क्वासी विरेदू यांनी अशा तुलनांवर घेतलेला आक्षेप मला या क्षेत्रातला सर्वांत उपयोगी धडा वाटतो. आफ्रिकेतल्या लोकसमजुती घ्यायच्या आणि त्यांच्यासमोर युरोपातलं प्रयोगशाळेतलं विज्ञान ठेवायचं, ही जोडीच चुकली आहे. लोकसमजुतींची तुलना युरोपातल्या लोकसमजुतींशी करा. भुताखेतांवरचा विश्वास तिथेही होता आणि आहे. जाणकाराचा विचार जाणकाराच्या विचारासमोर ठेवा.

ही चूक उलट्या दिशेनेही होते. आपल्या परंपरेतला सर्वोत्तम भाष्यकार घ्यायचा आणि समोरच्या परंपरेतला एखादा सुविचार. उपनिषदातलं एक वाक्य आणि कांटच्या ग्रंथातला आठशे पानांचा युक्तिवाद यांची तुलना होत नाही, मग कौल कुणाच्याही बाजूने लागो. सूत्राला सूत्र, भाष्याला भाष्य, वादग्रंथाला वादग्रंथ.

आकाराचं म्हणाल तर लहान घ्या. ‘भारतीय तत्त्वज्ञान’ नावाच्या कुणा एका व्यक्तीचं मत नसतं. चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतात, बौद्ध प्रमाणवादी प्रत्यक्ष आणि अनुमान, नैयायिक चार प्रमाणं, भाट्ट मीमांसक सहा. ‘पश्चिम’ही तितकीच विखुरलेली आहे. एका लेखकाचा एका ग्रंथातला एक युक्तिवाद एवढा तुकडा पुरेसा असतो. तो निवडला की दोन्ही बाजूंसाठी चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढावीत : हा कुणाशी भांडतोय, नेमकं काय म्हणतोय, कारण काय देतोय, आणि हरला तर त्याचं काय जाईल. चौथा प्रश्न बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. अनात्मवाद, म्हणजे कायमचा आत्मा नाही हे मत, ढासळला तर बौद्धाचा दुःखमुक्तीचा मार्ग ढासळतो. अठराव्या शतकातल्या स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमचं तसं काही पणाला लागलेलं नाही. ‘स्व’ म्हणजे संवेदनांचा पुंजका, हे मत चुकीचं निघालं तर त्याच्या मनोविज्ञानात दुरुस्ती करावी लागेल, इतकंच. दोघांची वाक्यं कितीही जुळोत, त्या वाक्यांवर असलेला भार वेगळा आहे.

एक तुलना, सुरुवातीपासून

प्रश्न असा घेऊ : नशिबाने खरी ठरलेली समजूत आणि ज्ञान, यांत फरक कशामुळे पडतो?

१९६३ मध्ये एडमंड गेटियरने तीन पानांचा लेख लिहिला. तोवर ज्ञानाची रूढ व्याख्या तीन अटींची होती : गोष्ट खरी असावी, माणसाचा तिच्यावर विश्वास असावा, आणि विश्वासाला पुरेसं कारण असावं. गेटियरचं उदाहरण असं. स्मिथला भरवशाच्या माणसाने सांगितलंय की नोकरी जोन्सला मिळणार. जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत, हे स्मिथने मोजून पाहिलंय. तो निष्कर्ष काढतो, ‘ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत.’ प्रत्यक्षात नोकरी स्मिथलाच मिळते, आणि योगायोगाने त्याच्याही खिशात दहा नाणी असतात. तिन्ही अटी पूर्ण झाल्या. तरी याला ज्ञान म्हणवत नाही.

आता आठव्या शतकातला बौद्ध आचार्य धर्मोत्तर. तहानलेल्या प्रवाशाला लांबवर पाणी दिसतं. ते मृगजळ असतं. पण तो तिथे पोचतो तेव्हा नेमक्या त्याच जागी दगडाखाली खरं पाणी सापडतं. दुसरं उदाहरण : नुकत्याच पेटवलेल्या आगीतून अजून धूर निघालेला नाही, पण वर किड्यांचा थवा घोंगावतोय. लांबून कुणाला तो धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथे आग आहे. आग खरोखर आहे. बाराव्या शतकातला श्रीहर्ष ‘खंडनखंडखाद्य’ या ग्रंथात आणखी एक उदाहरण देतो : मुठीत कवड्या किती, असं विचारल्यावर कुणी सहज ‘पाच’ म्हणतो आणि त्या पाचच निघतात.

इथवर आल्यावर ‘गेटियरच्या आधी हजार वर्षं!’ असं लिहून थांबण्याचा मोह होतो. अनेक जण थांबतातही. माझ्या मते तुलना इथे सुरू होते. उदाहरणांचा सांगाडा सारखा आहे हे कळलं. आता फरक मोजायचे.

पहिला फरक कशाबद्दल बोलणं चाललंय यात आहे. गेटियर ज्या विश्वासाबद्दल बोलतो तो माणसाजवळ टिकून राहणारा असतो, झोपेतही. न्यायात ‘ज्ञान’ ही घटना आहे, उपजणारी आणि विरणारी. ती खरीही असते, खोटीही. दोरीवर साप दिसणं हेही ज्ञानच, फक्त भ्रमात्मक. म्हणून गेटियरच्या ‘ज्ञाना’समोर न्यायातली ‘प्रमा’, म्हणजे यथार्थ अनुभव, ठेवायला हवी. तरी जोडी पूर्ण जुळत नाही, कारण प्रमा हा अनुभव आहे आणि स्मृती त्यातून वगळलेली आहे. कालचं ऊन आज आठवलं तर गेटियरच्या चौकटीत ते खुशाल ज्ञान. नैयायिकाच्या चौकटीत ती स्मृती, प्रमा नव्हे.

दुसरा फरक हेतूचा. गेटियरला मोडकी व्याख्या दाखवायची आहे, आणि त्याच्यानंतरच्यांना ती दुरुस्त करायची आहे. धर्मोत्तरासमोर बौद्धांच्याच घरातली अडचण आहे : धर्मकीर्तीने प्रमाणाचा निकष ‘अविसंवाद’ म्हणजे न फसवणं असा दिला, आणि प्रवाशाला तर पाणी मिळालं, तो फसला नाही, मग मृगजळाचं दर्शन प्रमाण मानायचं का? श्रीहर्षाला दुरुस्ती नकोच आहे. ‘तत्त्वानुभूती म्हणजे प्रमा’ ही व्याख्या तो कवड्यांनी फोडतो आणि पुढे प्रत्येक सुधारित व्याख्याही फोडत जातो, कारण अशी व्याख्या करताच येत नाही हेच त्याला दाखवायचं आहे. एकच उदाहरण तिघांच्या हातात तीन कामं करतं.

तिसरा फरक उत्तरांचा, आणि तो सर्वांत फलदायी. गेटियरनंतर ॲल्विन गोल्डमनने १९६७ मध्ये सुचवलं की विश्वास आणि वस्तुस्थिती यांच्यात योग्य कारणसाखळी हवी. स्मिथचा निष्कर्ष त्याच्या स्वतःच्या खिशातल्या नाण्यांमुळे निर्माण झालेला नाही, म्हणून ते ज्ञान नाही. नैयायिकाच्या हातात तयार उत्तर याच वळणाचं आहे : प्रमा ही प्रमाणातून उपजते, आणि किड्यांच्या थव्याला धूर समजणं हे अनुमान नव्हे, अनुमानाचा आभास आहे. स्टीफन फिलिप्स यांच्यासारखे अभ्यासक न्याय असाच वाचतात. मात्र इथे सावध राहायला हवं. सतराव्या शतकातल्या ‘तर्कसंग्रहा’त, म्हणजे न्याय शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हाती पडणाऱ्या पहिल्या पुस्तकात, यथार्थ अनुभवाची व्याख्या ‘तद्वति तत्प्रकारकः’ अशी आहे : जी वस्तू जशी आहे तिचा तसाच अनुभव. तो अनुभव कशातून उपजला याचा त्यात उल्लेख नाही. या अक्षरावर चाललो तर किड्यांवरून झालेलं आगीचं ज्ञानही प्रमेत शिरतं. म्हणजे ‘न्याय असं म्हणतो’ हे वाक्य अपुरं आहे. कुठल्या ग्रंथातला, व्याख्येचा कुठला भाग धरून, हे सांगावं लागतं. हा तिढा एकट्या न्यायाचा अभ्यास करताना सहज नजरेआड होतो. गेटियर शेजारी बसवल्यावर तो ठळक झाला. तुलनेने मिळवून दिलेली ही खरी गोष्ट आहे.

याच विषयावर लोकांना थेट विचारण्याचाही प्रयत्न झाला. २००१ मध्ये वाइनबर्ग, निकोल्स आणि स्टिच यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची पाहणी करून म्हटलं की गेटियरसारख्या प्रसंगांबद्दल पूर्व आशियाई आणि दक्षिण आशियाई पार्श्वभूमीचे विद्यार्थी वेगळा कौल देतात. या निष्कर्षाचा खूप बोलबाला झाला. पण त्या गटांत प्रत्येकी पंचवीस जणही नव्हते, आणि नंतरच्या पाहण्यांत तो फरक टिकला नाही. २०१७ मध्ये ब्राझील, भारत, जपान आणि अमेरिका अशा चार देशांतली पाहणी प्रसिद्ध झाली. चारही ठिकाणी लोकांचा कल अशा प्रसंगाला ज्ञान न म्हणण्याकडेच होता. आजच्या विद्यार्थ्याचं आडनाव पाहून त्याच्या पूर्वजांचं प्रमाणशास्त्र कळत नाही. परंपरा म्हणजे ग्रंथ, वाद आणि प्रशिक्षण; ती रक्तात नसते.

नागार्जुनाची बदलती रूपं

दुसऱ्या परंपरेत आपलाच चेहरा दिसणं हा या कामातला सर्वांत जुना रोग आहे. ॲण्ड्र्यू टक यांनी १९९० च्या पुस्तकात बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या पाश्चात्त्य वाचनांचा इतिहासच मांडला. एकोणिसाव्या शतकात तो शून्यवादी म्हणजे सर्वनाशवादी ठरला. मग कांटचा काळ आला : श्चेरबात्स्की यांनी १९२७ मध्ये आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांनी १९५५ मध्ये त्याला कांटच्या चौकटीत वाचलं, वर दिसणारं जग आणि त्यापलीकडचं निरपेक्ष सत्य. पुढे विटगेनस्टाइन लोकप्रिय झाला तेव्हा नागार्जुन भाषेच्या सापळ्यांतून सोडवणारा झाला. अलीकडे तो विसंगती पचवणाऱ्या नव्या तर्कशास्त्राचा पूर्वज म्हणून वाचला जातो.

ही सगळी वाचनं टाकाऊ आहेत असं मी म्हणणार नाही. मूर्तींचं पुस्तक आजही शिकवतं. पण प्रत्येक वाचनाला एक प्रश्न विचारायला हवा : मूळ ग्रंथातली कोणती ओळ तुम्हाला चुकीचं ठरवू शकते? कांटच्या चौकटीसाठी ती ओळ सापडते. नागार्जुनाच्या मूलमध्यमककारिकेच्या पंचविसाव्या प्रकरणातली एकोणिसावी कारिका सांगते की संसार आणि निर्वाण यांत काहीही भेद नाही. दिसणारं जग एका बाजूला आणि त्यापलीकडचं सत्य दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी करणाऱ्याला हे वाक्य पचवणं जड जातं. तेराव्या प्रकरणाच्या शेवटी नागार्जुन म्हणतो की ज्यांनी शून्यतेचीच (कशालाच स्वतःचा स्वतंत्र स्वभाव नसण्याचीच) ‘दृष्टी’, म्हणजे ठाम मत, करून घेतली ते असाध्य आहेत. शून्यता म्हणजे निरपेक्ष सत्य, असं म्हणणाऱ्याने या ओळीला उत्तर द्यायला हवं.

दुसरी कसोटी म्हणजे परंपरेतले भाष्यकार. बुद्धपालित, भावविवेक आणि चंद्रकीर्ती यांचं आपसात पटत नाही. युक्तिवाद कसा मांडावा यावरच त्यांचा वाद आहे. तुमचं वाचन यांतल्या कुणाच्या जवळ जातं हे पाहिलं, आणि कुणाच्याच जवळ जात नसेल, तर ते नागार्जुनाचं नसून तुमचं असण्याची शक्यता बरीच आहे.

साम्य दिसलं म्हणजे उसनवारी झाली का?

‘त्यांनी आपल्याकडून घेतलं’ हा दावा वेगळ्या जातीचा आहे. तो इतिहासाचा दावा आहे आणि त्याला इतिहासाचेच पुरावे लागतात : विचार पोचण्याची वाट, जुळणारी वेळ आणि मजकुरात उरलेली खूण. तिन्ही.

जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉअरच्या बाबतीत तिन्ही आहेत. दारा शुकोहने १६५७ मध्ये पन्नास उपनिषदांचं फारसी भाषांतर करवून घेतलं. त्यावरून आंकेतिल-द्युपेराँने केलेलं लॅटिन भाषांतर १८०१-०२ मध्ये छापलं गेलं. शोपेनहॉअरने ते वाचलं, आणि वाचल्याचं स्वतः लिहून ठेवलं. ह्यूम आणि बौद्ध विचारांचं तसं नाही. २००९ मध्ये ॲलिसन गोपनिक यांनी एक शक्यता मांडली : ह्यूम १७३५ ते १७३७ या काळात फ्रान्समधल्या ला फ्लेश या गावी होता, तिथे जेझुइटांचं महाविद्यालय होतं, आणि तिबेटमध्ये राहून आलेला इप्पोलितो देसिदेरी १७२७ मध्ये तिथे येऊन गेला होता. वाट सापडली, वेळही जमते. ह्यूमच्या लिखाणातली निःसंशय खूण मात्र नाही. म्हणून ही शक्यताच राहते, आणि गोपनिक यांनीही ती शक्यता म्हणूनच मांडली. उसनवारी सिद्ध न झाल्याने तुलनेचं मोल कमी होत नाही. दोघं स्वतंत्रपणे एकाच अडचणीशी पोचले असतील तर ती अडचण जास्तच खरी ठरते.

‘चौकटीच वेगळ्या असतील तर तुलना शक्यच नाही’

हा आक्षेप गंभीर आहे. थॉमस कूनने १९६२ मध्ये विज्ञानाच्या इतिहासावर लिहिताना ‘असमेयता’ हा शब्द आणला : दोन चौकटींना मोजणारं समान मापच नसणं. तत्त्वज्ञ ॲलिस्डेअर मॅकिंटायर यांनी हाच मुद्दा कन्फ्यूशियस आणि अरिस्टॉटल यांच्या परंपरांना लावला. ‘चांगला माणूस’ म्हणजे काय हे ठरवायचे निकषच दोघांचे वेगळे.

डोनाल्ड डेव्हिडसनने १९७४ मध्ये याला दिलेलं उत्तर मला पटतं. एखादी विचारसरणी आपल्यापेक्षा पूर्णपणे वेगळी आहे असं म्हणायला ती आपल्याला बरीचशी कळलेली असावी लागते. कळलेली असेल तर ती पूर्णपणे वेगळी नाही. कळून घेताना समोरचा बहुतांशी समंजस बोलतोय असं धरूनच चालावं लागतं. याला सद्भावाचं तत्त्व म्हणतात. पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडण्याची आपल्याकडची शिस्त याच्या जवळची आहे, अर्थात ती सगळ्यांनी पाळली असं नाही.

सद्भाव अतिरेकाला गेला की दुसरी चूक होते : समोरच्याचं खरोखर विचित्र असलेलं म्हणणंही गुळगुळीत होऊन आपल्यासारखं दिसू लागतं. चीनमध्ये बौद्ध ग्रंथ पहिल्यांदा पोचले तेव्हा दाओवादी कल्पनांचा आधार घेऊन ते समजावले गेले. निर्वाणासाठी ‘वू-वेई’ (न करणं) हा दाओवादी शब्द वापरला गेला. त्याने दार उघडलं, पण चौथ्या शतकात दाओ-आन या भिक्षूने अशा जोड्या लावण्याने मूळ आशय बिघडतो म्हणून हरकत घेतली. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पहिल्या वाचनात ओळखीच्या कल्पनेचा आधार घ्यावाच लागतो. दुसऱ्या वाचनात तो काढून पाहावा लागतो. विरेदू यांची कसोटी याला पूरक आहे : प्रश्न आपल्या भाषेत मांडून पाहा. तिथे तो प्रश्नच उरत नसेल, तर तो माणसामात्राचा प्रश्न होता की एका भाषेच्या सवयीचा, हे आधी तपासा.

‘हे तत्त्वज्ञान नव्हे, धर्म आहे’

मोक्षाची भाषा आली की हा शिक्का बसतो. ॲक्विनास धर्मशास्त्रज्ञ होता आणि देकार्तने ईश्वराच्या अस्तित्वाचे पुरावे दिले, तरी दोघं तत्त्वज्ञानाच्या इतिहासात आहेत. निकष युक्तिवादाचा लावावा. वेद प्रमाण मानणारे मीमांसक जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत, नैयायिक मानतात, आणि त्यांच्यातल्या उदयनाचा ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ ईश्वर नाकारणाऱ्या आक्षेपांना कारणं देऊन उत्तरं देतो. कारणं मागितली आणि दिली जात असतील तर तो भाग तुलनेला घेता येतो.

‘मग शेवटी बरोबर कोण?’

‘सगळेच आपापल्या जागी बरोबर’ हे उत्तर सभ्य वाटतं, पण ते दोन्ही बाजूंचा अपमान करतं. धर्मकीर्ती आणि उदयन यांनी जे लिहिलं ते खरं आहे म्हणून लिहिलं. मार्क सिडरिट्स यांनी २००३ पासून ‘संयोग तत्त्वज्ञान’ म्हणता येईल अशी वाट धरली : एका परंपरेतलं साधन दुसऱ्या परंपरेतली अडचण सोडवायला वापरायचं, आणि चाललं नाही तर तसं सांगायचं. त्याहून धीट प्रयोग १९८३ मध्ये पुण्यात झाला. दया कृष्ण आणि मे. पुं. रेगे यांच्या पुढाकाराने बर्ट्रांड रसेलची विधानाची कल्पना, म्हणजे वाक्यात व्यक्त होणारा पण वाक्याहून निराळा असा आशय, न्यायाच्या पंडितांसमोर संस्कृतात ठेवली गेली. वाक्य आणि ज्ञान यांच्यापलीकडे अशी तिसरी वस्तू न्याय मानत नाही. मग रसेलला ती का लागली, आणि तिच्याशिवाय नैयायिकाचं कसं भागतं, असा वाद रंगला. तो १९९१ मध्ये ‘संवाद’ या पुस्तकात छापून आला. शास्त्री-पंडित इथे अभ्यासाची वस्तू नव्हते. ते वादी होते. कुठल्याही तुलनेची ही सर्वांत कडक चाचणी : ज्याच्याबद्दल आपण लिहितो त्या परंपरेतला जाणकार उलट बोलू शकेल अशा रूपात आपलं म्हणणं आहे का?

अशा वादाला आजही पुष्कळ वाव आहे. वर गोल्डमनची कारणसाखळी आणि न्यायाचं प्रमाण एका वळणाचे दिसले. गोल्डमननेच १९७६ मध्ये एक प्रसंग मांडला. हेन्री एका प्रदेशातून गाडीने जातोय. रस्त्याच्या कडेला धान्याची कोठारं दिसतात, पण बहुतेक नुसते दर्शनी देखावे आहेत, मागे काही नाही. योगायोगाने हेन्री ज्याच्याकडे पाहतोय ते खरं कोठार आहे. कारणसाखळी बिनचूक आहे, तरी गोल्डमन म्हणतो, हेन्रीला ‘ते कोठार आहे’ याचं ज्ञान नाही, कारण देखावाही त्याला तसाच दिसला असता. आणि तो कारणसाखळीच्या पुढे जातो.

नैयायिकाने जावं का? डोळ्यांत दोष नाही, संनिकर्ष, म्हणजे इंद्रियाचा वस्तूशी संबंध, खऱ्या कोठाराशी झालाय, अनुभव वस्तूला धरून आहे. किड्यांच्या प्रसंगात न्यायाची दोन वाचनं फुटली होती. इथे दोन्ही एकच कौल देतात : ही प्रमा आहे. वर नैयायिकाजवळ असा भेद आहे जो गोल्डमनच्या मांडणीत तसा वेगळा काढलेला नाही : प्रमा उपजणं वेगळं आणि ती प्रमा आहे हे कळणं वेगळं. हे कळणं परतः होतं, म्हणजे बाहेरच्या पडताळणीने. देखाव्यांबद्दल कुणी सांगितलं की हेन्रीला संशय येईल, आणि गाडीतून उतरून मागे जाऊन पाहिल्याशिवाय तो संशय फिटणार नाही. गोल्डमनच्या बाजूने यावर विचारता येईल की, ज्याला आपण बरोबर आहोत हे सांगता येत नाही त्याच्या नशिबाला ‘प्रमा’ हे नाव का द्यायचं. मीमांसक, ज्यांच्या मते प्रामाण्य स्वतःच कळतं, या भांडणात तिसरी बाजू घेऊन उतरतील.